बिनलाकडाची वाद्ये

आमच्या एका स्नेह्यांनी २००३ साली एका एकांकिकेला पार्श्वसंगीत दिले होते. स्पर्धेपुरती बसवलेली एकांकिका ती. तीन प्रयोग झाले आणि मंडळी पांगली. वीस वर्षांनी त्यांच्यापैकीच एका बाईंना ती पुन्हा बसवावीशी वाटली. स्नेह्यांनी कपाटाच्या तळातून जुनी सीडी शोधून काढली आणि तिच्यावरची फाइल नव्या संगणकावर उघडली. सारे काही जागच्या जागी होते. कोणता स्वर कोठे सुरू व्हावा, किती वेळ टिकावा, कोठे चढावा आणि कोठे विरावा, याची नोंद मात्रेमात्रेने शाबूत होती. फक्त आवाज येत नव्हता. पडद्यावर एक चौकट उमटली आणि तिने कळवले, की ज्या वाद्यावर हे वाजवायचे ते वाद्यच सापडत नाही.

वाद्य सापडत नाही म्हणजे काय? तंबोरा वीस वर्षे माळ्यावर पडला, त्याच्या तारा गंजल्या, भोपळ्याला तडा गेला, तरी तो सापडतो. मिरजेस नेला तर पुन्हा बोलूही लागतो. पण स्नेह्यांचे वाद्य लाकडाचे, पितळेचे वा कातड्याचे नव्हते. ते निव्वळ आकड्यांचे होते. संगीत रचण्याच्या एखाद्या मोठ्या प्रोग्रामला जोडून घ्यावयाचे म्हणून त्याला प्लग-इन म्हणतात. या बिनलाकडाच्या वाद्यांची पहिली पिढी साधारणतः १९९६ ते २००६ या दशकात जन्मली, जगभरच्या गाण्यांत जाऊन बसली, आणि तिच्यातली बरीचशी एव्हाना नाहीशीही झाली. वाद्यांच्या इतिहासात इतके अल्पायुषी कूळ दुसरे असेल असे वाटत नाही. त्या कुळाची हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आकड्यांतून आवाज निघतो तो असा. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची चढउतार. ती चढउतार सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून मांडली, की सीडीवरचे गाणे होते. आता, गाणे मोजून आकडे मिळवण्याऐवजी एखाद्या सूत्राने आकडे थेट मांडले तर? मग कधीही न वाजलेला आवाज कर्ण्यातून बाहेर पडेल. ही कल्पना प्रत्यक्षात आणली ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या मॅक्स मॅथ्यूज यांनी, १९५७ साली. आयबीएम ७०४ या अगडबंब यंत्रावर त्यांनी ‘म्युझिक’ नावाचा प्रोग्राम चालवला आणि न्यूमन गटमन यांची १७ सेकंदांची एक रचना त्यातून ऐकू आली. मात्र तेवढा आवाज गणून काढण्यास यंत्राला तो ऐकण्याहून कितीतरी अधिक वेळ लागे. पट्टी दाबताच स्वर उमटावा, ही वाद्याची पहिली अट. ती पुरी व्हायला पुढे चाळीस वर्षे जावी लागली.

मधल्या काळात सिंथेसायझर होते, पण ते खरोखरीच्या तारा-डाखाचे. उदाहरणार्थ, डेव्ह स्मिथ यांचा १९७८ सालचा प्रॉफेट-५. एका वेळी पाच स्वर वाजवणारा आणि जुळवून ठेवलेले आवाज स्मरणात ठेवणारा तो सिंथेसायझर चार हजार डॉलरांच्या घरात विकला जाई. १९८३ साली मिडी नावाचा करार झाला. त्यामुळे एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला ‘हा स्वर वाजव’ असे सांगू लागले. संगणकाने या व्यवहारात प्रवेश केला तो कारकून म्हणून. स्वरांची टिपणे ठेवावीत आणि हुकूम सोडावेत, वाजवणारे दुसरेच.

कारकुनाचा गवई झाला तो हाम्बुर्ग शहरी. स्टाइनबर्ग या तेथील कंपनीचा क्युबेस हा प्रोग्राम १९८९ पासून स्वरांची टिपणे ठेवीत असे. १९९६ साली तिने त्यात व्हीएसटी नावाची सोय केली. ध्वनीवर करावयाचे संस्कार, म्हणजे घुमारा, प्रतिध्वनी वगैरे, आता संगणकातच होऊ लागले. परंतु कंपनीने केलेली खरी मोलाची गोष्ट वेगळीच. आमच्या प्रोग्रामला बाहेरची वस्तू कशी जोडावी, याचे नियम तिने प्रसिद्ध करून टाकले. ज्याच्याजवळ संगणक आणि थोडे गणित आहे, अशा कोणालाही ते उचलता येत. १९९९ साली त्या नियमांची दुसरी आवृत्ती निघाली आणि तीत जोडलेल्या वस्तूला स्वर पोचवण्याची तजवीज झाली. म्हणजे आता जोडायची वस्तू स्वतःच वाद्य होऊ शकत होती. कंपनीने नमुन्यादाखल निऑन नावाचे वाद्य दिले. वाद्य म्हणून ते अगदीच बेताचे होते. पण पायवाट पडली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा अनर्थ तिच्यातूनच उद्भवला. प्लग-इन हे बिऱ्हाडकरू आहे. त्याला स्वतःचे घर नाही. क्युबेससारख्या प्रोग्रामच्या घरात त्याने एका खोलीत राहायचे, त्या घराने संगणकाच्या मूळ व्यवस्थेच्या, म्हणजे विंडोज वा मॅकच्या, जमिनीवर उभे राहायचे, आणि ती जमीन विशिष्ट जातीच्या यंत्रावर टेकलेली. खालचा एक थर हलला, की वरचे बिऱ्हाड रस्त्यावर.

पण तेव्हा या गोष्टीची कोणाला पर्वा नव्हती. सुगीचे दिवस होते. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९९९ साली प्रॉफेट-५ चीच आकड्यांतली प्रतिमा काढली. तीच पुढे प्रो-५३ या नावाने घरोघर गेली. फ्रान्समधील आर्टुरिया कंपनीने २००३ मध्ये मूगच्या भिंतभर पसरणाऱ्या यंत्राचे रूप पडद्यावर आणले. बेल्जियममधून आलेल्या फ्रूटीलूप्सने तर स्वरलिपीचा गंध नसलेल्या पोरांनाही ठेका रचायला शिकवले. आणि जपानात इचिरो तोदा या एकट्या गृहस्थाने २००२ साली सिंथ-१ नावाचे वाद्य लिहून ते फुकट वाटून टाकले. स्वीडनच्या क्लाव्हिया कंपनीच्या नॉर्ड लीड २ या लाल रंगाच्या सिंथेसायझरवर ते बेतलेले होते. मूळ यंत्र ज्यांनी चित्रातही पाहिले नव्हते, अशांनी या फुकटच्या वाद्यावर हात बसवला. चोरीच्या प्रतीही भरपूर फिरल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. कित्येक आजचे नामवंत त्या चोरीच्या प्रतींवरच शिकले असतील. पण तोदांचे वाद्य चोरावेच लागले नाही.

आता या हकीकतीतला सर्वांत रसाळ भाग.

जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ नावाचे एक रुपेरी, चिमुकले यंत्र बाजारात आणले. एकट्या गिटारवादकाला साथीला खर्जाचे गिटार मिळावे, हा उद्देश. तो साफ फसला. यंत्राचा आवाज कोणत्याही गिटारसारखा नव्हता आणि त्यात स्वर भरणे म्हणजे डोकेफोड. सुमारे दहा हजार नग निघाले आणि १९८४ साली उत्पादन बंद पडले. यंत्रे जुन्या बाजारात मातीमोलाने गेली. तेथून ती शिकागोच्या गरीब पोरांच्या हाती लागली. १९८७ साली फ्यूचर नावाच्या त्रिकुटाने ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका काढली. स्वरावली एकीकडे फिरत ठेवायची आणि दुसरीकडे यंत्राच्या खुंट्या पिळून आवाज कुरकुरवायचा, चिरकवायचा, एवढेच त्यात होते. पण त्यातून नृत्यसंगीताचा एक संप्रदाय उभा राहिला आणि मातीमोलाचे यंत्र सोन्याच्या भावाने विकले जाऊ लागले.

गंमत अशी, की या यंत्राशी मुंबईचा संबंध शिकागोच्या आधीचा आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडचीच तीन यंत्रे घेतली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३, आणि ठेक्यासाठी टीआर-८०८. त्यांवर त्यांनी भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या लयीत बांधून ध्वनिमुद्रिका काढली. ३०३ मध्ये एक सोय होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. आपल्या कानाला ती मींडेची आठवण करून देते. अर्थात मींड ती नव्हेच. यंत्राची घसरण ठरावीक क्षणात संपते, गवयाची मींड त्याच्या मर्जीने संपते. तरीपण एका वादकाला त्या फसलेल्या गिटारात राग वाजवण्याजोगे काहीतरी दिसले, हे विसरता येत नाही. ध्वनिमुद्रिका खपली नाही. शिकागोच्या मंडळींनी ती ऐकली असल्याचा कसलाही पुरावा नाही. दोन्ही ठिकाणी यंत्र तेच आणि त्याच्या पोटातला आवाज तोच, एवढाच खरा दुवा. २०१० साली एका डच प्रकाशकाने ती पुन्हा काढली तेव्हा पाश्चात्त्य रसिक चकित झाले. चरणजित सिंग २०१५ साली मुंबईत वारले. उशिरा का होईना, परदेशच्या रंगमंचावर ते राग वाजवण्याचे सुख त्यांना लाभले.

१९९७ साली स्टॉकहोमच्या प्रॉपेलरहेड या छोट्या कंपनीने रीबर्थ नावाचा प्रोग्राम काढला. त्यात दोन ३०३ आणि एक ८०८ आकड्यांत उतरवून पडद्यावर मांडली होती, खुंट्यांसकट, दिव्यांसकट. काटेकोरपणे पाहता रीबर्थ प्लग-इन नव्हे, स्वतंत्र बिऱ्हाड. पण संगणकाच्या पोटात आख्खे यंत्र राहू शकते, ही खात्री सामान्य माणसाला पटली ती त्याच्यामुळे. सोन्याच्या भावाचे यंत्र एका डबीतून घरी आले. लोकांनी त्याची रूपे पालटली, त्यात आपापले ठेके भरले आणि ती एकमेकांना वाटली. आणि आठ वर्षांत सारे आटोपले. मॅकची व्यवस्था नवी झाली, तीत रीबर्थ उतरलेच नाही, आणि २००५ साली कंपनीने ते बंद करून फुकट वाटून टाकले. जेथून ते उतरवून घ्यायचे त्या जागेला त्यांनी नाव दिले होते ‘संग्रहालय’. २०१० साली ते आयफोनवर पुन्हा अवतरले. २०१७ साली रोलँडने आपल्या हक्काचा प्रश्न उपस्थित केला आणि तेथूनही ते गेले. रोलँडला दोष देववत नाही. आराखडा तिचा होता. पण परिणाम पाहा. १९८१ ची यंत्रे आजही चालतात. डाखणीची कांडी आणि चार सुटे भाग असले की कोणीही कारागीर त्यांना उठवून बसवतो. त्यांना अमर करण्यासाठी १९९७ साली जी नक्कल केली, तीच आधी गेली.

प्रॉफेटचीही तीच कथा, किंबहुना अधिक नाट्यमय. मूळ यंत्राचे कर्ते डेव्ह स्मिथ यांनी मध्यंतरी स्वतःच आकड्यांचा मार्ग धरला होता. त्यांनी घडवलेले रिअ‍ॅलिटी हे वाद्य १९९७ साली सीअर सिस्टिम्सने विकायला काढले; साध्या पीसीवर चालणारे धंदेवाईक दर्जाचे ते पहिलेच म्हणतात. पुढे त्यांनी तो मार्ग सोडला आणि पुन्हा हाताला लागणारी यंत्रे करू लागले. २०२० साली, वयाच्या सत्तरीत, त्यांनी नवा प्रॉफेट-५ बाजारात आणला. दोन वर्षांनी ते वारले. प्रो-५३ ची विक्री तोवर कधीच थांबली होती.

ही वाद्ये मेली कशाने? वठली नाहीत, कुजली नाहीत. आकड्याला वाळवी लागत नाही. खालची जमीन हलली. २००२ साली ॲपलने एमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि तिच्या लॉजिक या प्रोग्रामची विंडोजवरची आवृत्ती थांबवली; त्या घरातील वाद्यांवर ज्यांनी गाणी बांधली होती ते विंडोजवाले एका दिवसात पोरके झाले. २००६ साली ॲपलने यंत्राचा मेंदूच बदलला. आणि मग आले ३२ चे ६४. जुन्या प्रोग्रामांना स्मृतीतील घरांचे क्रमांक ३२ अंकी द्विमान पद्धतीने लिहिण्याची सवय होती. त्यामुळे सुमारे ४२९ कोटी घरांपलीकडे त्यांना जाता येईना. नव्यांना ६४ अंक मिळाले. बदल रास्त होता, पण ३२ च्या बिऱ्हाडकरूला ६४ च्या घरात शिरता येत नव्हते. लॉजिकने २०१३ मध्ये, क्युबेसने २०१६ मध्ये, एबल्टन लाइव्हने २०१८ मध्ये जुन्यांना दार लावले. २०१९ साली मॅकच्या कॅटलिना आवृत्तीने तर जमिनीवरच थारा दिला नाही. ज्यांचे लेखक हयात व हौशी होते त्यांनी नवी आवृत्ती काढली. तोदांनीही सिंथ-१ ची काढली. पण पुष्कळशी वाद्ये एकेकट्या माणसांनी रात्री जागून लिहिलेली. कोणी दुसऱ्या नोकरीत गेला, कोणाची मूळ संहिता तबकडीसह नष्ट झाली. काही वाद्यांना उघडताना कंपनीच्या यंत्राची परवानगी लागे. कंपनी बुडाली, परवानगी देणारे कोणी उरले नाही. आणि शेवटी, ज्या कराराने ही पिढी जन्मास घातली त्यालाच मालकाने पूर्णविराम दिला. स्टाइनबर्गने २००८ साली तिसरी आवृत्ती आणली होती. २०१८ साली तिने दुसऱ्या आवृत्तीची साधने वाटणे थांबवले, आणि आपल्या प्रोग्रामांतूनही ती काढणार असल्याचे २०२२ साली जाहीर केले.

कोणी म्हणेल, गेली तर गेली. नवी वाद्ये अधिक चांगली आहेत, आणि ते खरेच आहे. जुन्या वाद्यांत एक उघड दोष होता. ४४,१०० वेळा मोजणाऱ्या पद्धतीत २२,०५० कंपनांच्या वरचा स्वर मांडता येत नाही. मांडू गेल्यास तो उलटून खाली येतो आणि भलत्याच जागी वाजतो. सिनेमात धावत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, त्यातलाच प्रकार. हे टाळायला गणित जास्त करावे लागते आणि तेव्हाच्या संगणकांना ते झेपत नव्हते. म्हणून जुन्या प्लग-इनांच्या वरच्या पट्टीत एक कडसर, काचेवर कंकर घासल्यासारखा आवाज येई. तेव्हा लोक त्याला नावे ठेवीत. आता तोच आवाज हवा म्हणून तरुण मंडळी जुने संगणक हुडकत फिरतात, कारण २००० च्या आसपासच्या गाण्यांत तो मुरलेला आहे. यात स्मरणरंजनाचा भाग आहेच. पण माझ्या मते प्रश्न आवडीनिवडीचा नाही. जुन्या गाण्याचे ध्वनिमुद्रण राहते. ते उकलून पुन्हा मांडणे, त्यातला एक स्वर बदलून पाहणे, शिकणाऱ्याला आतले दाखवणे, हे वाद्यावाचून होत नाही.

वाचली ती कशी वाचली, हेही पाहावे. यामाहाचा डीएक्स-७ हा १९८३ चा सिंथेसायझर, जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डला १९६७ साली हुडकलेल्या तत्त्वावर उभा. त्याच्या बत्तीस आवाजांची सारी माहिती अवघ्या ४,०९६ बाइटांत मावते, आणि त्या बाइटांची मांडणी कशी, हे प्रथमपासून छापील माहितीपत्रकात होते. म्हणून आज डेक्सेड या मुक्त प्लग-इनात १९८३ साली जुळवलेला आवाज जसाच्या तसा भरता येतो. वस्तू बंद, पण तिची लिपी खुली. तेवढ्याने ती तरली.

दुसरे उदाहरण सर्जचे. क्लेस योहानसन या स्वीडिश लेखकाने व्हेंबर ऑडिओ या नावाखाली ते विकायला काढले होते. वाद्य जाणकारांत नावाजलेले, पण काळ पुढे गेला आणि लेखकाचे लक्ष दुसरीकडे. २०१८ च्या सप्टेंबरात त्यांनी त्याची मूळ संहिता सर्वांना देऊन टाकली. विकून संपलेल्या वस्तूचे याहून चांगले काय करता येते? ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी ती हाती घेतली, ६४ च्या घरात बसवली, आणि २०२२ साली सर्ज एक्सटी म्हणून नवी आवृत्ती काढली. तीत बारा समान स्वरांखेरीज अन्य स्वरान्तरे लावण्याची सोयही आहे. पेटीवर आपल्याकडे जो जुना आक्षेप, तोच या वाद्यांच्या पहिल्या पिढीवर घेता येत होता. पुष्कळशी बारा खुंट्यांना बांधलेली. मेलेले वाद्य उठले ते श्रुती शिकून उठले म्हणा ना.

असो. आमच्या स्नेह्यांचे वाद्य मात्र या दोहोंपैकी एकाही जातीचे नव्हते. त्याचा कर्ता कोठे आहे कोणास ठाऊक. अखेर त्यांच्या चुलतभावाच्या माळ्यावर त्या काळचा एक संगणक सापडला, विंडोज एक्सपी असलेला. धूळ झाडून तो सुरू केला, जुनी सीडी घातली, आणि आवाज आला. एकांकिकेत संगीताचे तीन तुकडे होते. दोन त्यांनी मुद्रित करून घेतले. आवाज आठवणीतल्यापेक्षा बराच पातळ निघाला आणि वरच्या पट्टीत तो कंकर होताच. सुधारून द्यावा काय, असे त्यांनी बाईंना विचारले, तर त्या नको म्हणाल्या. चहाला म्हणून यंत्र बंद केले ते पुन्हा उठले नाही. तिसऱ्या तुकड्याची टिपणे तेवढी हाती होती. ती कागदावर उतरवून घेतली, आणि प्रयोगात तो तुकडा एका मुलाने विंगेत बसून पेटीवर वाजवला.